कुसुमकाकूंची आफ्रिका

लीड्समध्ये आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, कुसुमकाकू आपटे रस्त्याच्या मधोमध उभ्या असायच्या. अंगात पायघोळ पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात 'स्टॉप' लिहिलेल्या गोल पाटीची काठी. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या अशा बाईला तिकडे सगळे लॉलीपॉप लेडी म्हणतात. काठी काकूंपेक्षा उंच होती. पण त्यांनी मोकळा हात समोर धरला की डबलडेकर बससुद्धा मुकाट्याने थांबायची. एकदा एक पांढरी व्हॅन जरा पुढे सरकली, तर काकूंनी तिच्या काचेवर टकटक केलं आणि अस्सल यॉर्कशायरच्या हेलात ड्रायव्हरला विचारलं, "घाई आहे का, लव्ह? मला नाही."

मी त्यांच्या घरात माडीवरच्या खोलीत राहायचे. पुण्याच्या कंपनीने मला वर्क परमिटवर लीड्सला पाठवलं होतं आणि ऑफिसमधल्या कोणाच्या तरी ओळखीने ही खोली मिळाली होती. पहिल्या दिवशी काकूंनी मला घर दाखवलं ते असं: "हा बॉयलर, याला शिव्या दिल्याशिवाय चालत नाही. ही बाग, हिच्यात कोथिंबीर सोडून सगळं उगवतं. आणि हे आमचे डॉक्टर." शेवटचं वाक्य भिंतीवरच्या फोटोकडे बघून. डॉक्टर आपटे हाडांचे डॉक्टर होते. जाऊन वर्ष झालं होतं.

डॉक्टरांबद्दल काकू नेहमी हसत बोलायच्या. डॉक्टरांना प्रवासाचा कंटाळा. दर ऑगस्टमध्ये स्कारबरोला, त्याच गेस्टहाउसमध्ये, त्याच खोलीत आठवडाभर राहायचं, हा त्यांचा नेम. "एका वर्षी मी म्हटलं, डॉक्टर, या वेळी व्हिटबीला जाऊ. तर म्हणाले, तिथे काय वेगळा समुद्र आहे?" हे सांगताना काकू डोळे पुसेपर्यंत हसायच्या. मी हसायचे, पण मला वाटायचं, या बाईने एवढी वर्षं काढली कशी?

कारण काकू मुळात भूगोलाच्या शिक्षिका. लग्नाआधी नागपूरला मुलींच्या शाळेत शिकवायच्या. जगाच्या नकाशावर त्यांची बोटं अशी फिरायची की जणू घरातल्या फडताळातून डबा काढताहेत. आफ्रिका विशेष लाडकी. "खचदरी शिकवत होते एकदा. जमिनीला दोन भेगा पडतात, मधला भाग खाली बसतो, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तर मागच्या बाकावरची एक पोरगी उठली, म्हणाली, बाई, तुम्ही पाहिली का? मी म्हटलं, खाली बस." मग जरा थांबून त्या म्हणायच्या, "तिची काही चूक नव्हती गं."

लीड्सच्या शाळेतल्या एका तरुण असिस्टंटने काकूंना आपल्या सफरीचे फोटो दाखवले आणि सगळं तिथून सुरू झालं. मोठ्या ट्रकमध्ये वीसेक माणसं बसतात, नैरोबीहून निघून टांझानिया, मलावी, झांबिया करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जातात. वाटेत तंबू ठोकायचे, आळीपाळीने स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. ज्यांना हवं ते पुढे केपटाउनपर्यंत जातात. दुसऱ्या दिवशी टोस्टला लोणी लावता लावता काकू मला म्हणाल्या, "मानसी, तू पुण्याला परत जाणारच आहेस ना? मग आफ्रिकेवरून जा."

माझं परमिट खरंच संपत आलं होतं. सामान बोटीने पाठवून मी मोकळी होणार होते. तरी मला वाटलं काकू गंमत करताहेत. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर हॉलमध्ये दोन स्लीपिंग बॅगा होत्या, आणि त्यातल्या एकीत शिरून काकू चेन वरपर्यंत ओढून बघत होत्या.

"काकू, हे काय?"

"आतून उघडता येते की नाही बघून राहिले. नाही येत. काढ मला."

त्यांचा मुलगा निखिल साउथहॅम्प्टनला बंदरात कंटेनरच्या कामावर मॅनेजर होता. जन्म लीड्सचा. आईशी मराठीतच बोलायचं हा त्याचा हट्ट होता, पण मराठीतल्या तो-ती-तेशी त्याचं कधी जमलं नाही. बातमी कळल्यावर त्याचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला, कारण त्या पोळ्या लाटत होत्या.

"आई, हे काय नवीन गोष्ट? तू तंबूत झोपणार? तुझी गुडघा बघ आधी!"

"तुझा गुडघा."

"माझी गुडघा ओके आहे, आई. तुझी!"

"अरे, गुडघा तो असतो. माझा गुडघा. आणि माझा निर्णय. दोन्ही पुल्लिंगी." काकूंनी पोळी उलटली. "जेवलास का?"

गुडघ्याचं मात्र खोटं नव्हतं. उजवा गुडघा त्यांना त्रास द्यायचा. जिना उतरताना त्या एकेक पायरी बघून उतरायच्या. मी हे बघत होते आणि मनातून निखिलच्या बाजूची होते.

नैरोबीत आमचा ट्रक उभा होता. पिवळा, उंच, कडेला गुंडाळता येणाऱ्या ताडपत्रीच्या खिडक्या, मागे चढायला लोखंडी शिडी. आमची लीडर केली नावाची ऑस्ट्रेलियन मुलगी होती, दंडावर सूर्याचा टॅटू असलेली. ड्रायव्हर जोसेफ केनियाचा, फार कमी बोलणारा. बाकी मंडळी माझ्या वयाची किंवा लहान. केलीने काकूंकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा काकूंकडे.

"तुम्हाला माहीत आहे ना, हे कॅम्पिंग आहे म्हणून?"

"मला सिंह आहेत असं सांगितलंय," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "सिंह तंबूत नसतात, एवढं मला ठाऊक आहे."

केली हसली, पण हसण्यात काळजी होती. लंडनच्या एका बँकेतला सायमन हसलाच नाही. उंच माणूस. अंगावर सगळं नवं कोरं, खिशांना खिसे असलेली पँट. तो शेजारच्याला जरा मोठ्यानेच म्हणाला, "आपल्याला हळू जावं लागणार." काकूंना ऐकू गेलं. त्यांनी त्याला आपली पिशवी वर चढवायला दिली.

शहराबाहेर पडून काही तासांत ट्रक एका कड्याशी थांबला. समोर जमीन एकदम खाली गेली होती, आणि खाली, खूप खाली, एक अख्खा प्रदेश पसरला होता: मृत ज्वालामुखीचा डोंगर, ढगांच्या सावल्या, पलीकडे निळसर दिसणारा दुसरा कडा. सगळे फोटो काढायला धावले. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तर त्यांचे ओठ हलत होते.

"केवढी आहे गं," त्या म्हणाल्या. "मी फळ्यावर एवढीशी काढायचे."

मग त्या वळल्या आणि जेवणाच्या टेबलापाशी सायमनच्या हातातलं सँडविच त्यांनी मागून घेतलं. दोन्ही टोकं धरून हलकेच ताणलं. पावाला दोन चिरा पडल्या आणि मधला भाग खाली बसला. "हे बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "ही खचदरी. आपण इथे उभे आहोत, या कडेवर." कॅमेरे खाली आले. वीस माणसं एका सँडविचकडे बघत राहिली. सायमनने नंतर खचदरी खाल्ली.

त्या दिवसापासून कुठलाही डोंगर, तळं, दगड दिसला की ट्रकमध्ये हाक उठायची, "काकू, हे काय?" काकू हे त्यांचं नावच आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

तंबू मात्र त्यांना वश होत नव्हता. पहिल्या कॅम्पवर आमचा तंबू आमच्या अंगावर पडला. दुसऱ्या कॅम्पवर तो उभा राहिला, पण दार झाडाच्या बुंध्याकडे. काकूंनी बरोबर एक नायलॉनची साडी आणली होती. नेसायला नव्हे, इतर सगळ्याला. मोकळ्या माळावर ट्रक थांबला की मुलींसाठी तिचा आडोसा व्हायचा. दुपारी सावलीला तीच, कपडे वाळत घालायला तीच. टांझानियात न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात गेंडा पाहून परत आलो, तर आमच्या तंबूसमोर एक बबून माकड त्याच साडीचा पदर ओढत होतं. काकूंनी दुसरं टोक धरलं. काही वेळ रस्सीखेच चालली. शेवटी माकडाने सोडली, आणि केलीने पाठीमागून मला विचारलं, "या नेहमी अशाच असतात?"

"लीड्समध्ये माकडं नव्हती," मी म्हटलं.

टांझानियाच्या दक्षिणेला पावसाने पूल वाहून गेला होता. जोसेफने आडरस्ता घेतला आणि दुपारच्या सुमाराला ट्रक चाकांच्या आसापर्यंत चिखलात रुतला. सगळे उतरलो. पाय टाकला की बूट चिखलातच राहायचा. काकूंनी वाकून मूठभर माती उचलली, बोटांत दाबली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाप्पा! ही तर आमची काळी माती. कापसाची. मानसी, आमच्या वर्ध्याच्या शेतात हीच आहे!"

उरलेला सगळा दिवस त्याच मातीत गेला. जोसेफ सांगेल तसं फावड्याने खणायचं, चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, फांद्या तोडून आणायच्या, ढकलायचं, आणि ट्रक वीतभर पुढे जाऊन पुन्हा बसायचा. लोक चिडायला लागले. कोणी केलीवर ओरडलं, कोणी रडलं. सायमन म्हणाला, दुसरी गाडी मागवा, आपण पैसे कशाचे दिले आहेत? जोसेफ खणतच होता.

काकूंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या ट्रकच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळे वेगवेगळ्या वेळी ढकलता आहात," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरी कपाट सरकवायच्या तेव्हा असंच करायच्या. मी म्हणेन तेव्हा. एक, दोन, तीन, लोट!"

"लोट म्हणजे काय?"

"ढकलताना कळेल."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा ट्रक जरा हलला. तिसऱ्यांदा वीस जणांनी एकदम "लोट!" अशी आरोळी ठोकली, ऑस्ट्रेलियन लोट, स्कॉटिश लोट, लंडनचा लोट, आणि ट्रक गुरगुरत त्या खड्ड्यातून बाहेर आला. जोसेफने हॉर्न दाबून धरला. सगळे नखशिखांत काळे झाले होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मीही नाचत होते. मग पाहिलं तर काकू चिखलात बसल्या होत्या. घसरून पडल्या होत्या. हसत होत्या, पण उठत नव्हत्या.

गुडघा फुग्यासारखा सुजला. जवळच्या गावात मिशनचा दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, पण विश्रांती हवी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी केलीने आम्हा दोघींना बाजूला घेतलं. तिला वाईट वाटत होतं, पण ती स्पष्ट बोलली. पुढे रस्ते आणखी खराब आहेत, तुम्हाला शिडीसुद्धा चढता येत नाही, मी तुमची जबाबदारी घेऊ शकत नाही. तिने ट्रकमधल्या सॅटेलाइट फोनवरून निखिलला फोन लावून दिला.

"आई, प्लीज घरी ये. इनफ झाला."

"इनफ झालं. बरं, मग आता?" काहीही वाईट घडलं की काकू हेच विचारायच्या. डॉक्टर गेले त्या दिवशी हॉस्पिटलमध्येही त्यांनी हेच विचारलं होतं, असं निखिलने मला एकदा सांगितलं होतं.

"आता काय? फ्लाइट घे!"

"निखिल, ऐक." पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "मी आत्ता परत आले ना, तर पुन्हा कुठे निघणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे. त्या घरात बसून राहीन आणि म्हणेन, बरं झालं, आपलं वय नव्हतंच ते."

मग फोन कट झाला. त्याने ठेवला की लाइन गेली, कळलं नाही.

केलीने गाडीजवळ सगळ्यांना गोळा केलं. मला वाटलं, आता संपलं. आणि सगळ्यांच्या आधी बोलला तो सायमन. "त्यांना पुढच्या आडव्या सीटवर बसवा. माझी आहे ती. मी मागे बसतो," तो म्हणाला. "चढवायचं-उतरवायचं आम्ही बघू." जोसेफनेही मान हलवली. केली बराच वेळ दंडावरचा तो सूर्य खाजवत राहिली. शेवटी तिने अट घातली: झांबियात लुआंग्वा नदीच्या कॅम्पवर पोचेपर्यंत काकूंना शिडी एकटीने चढता आली पाहिजे. नाही तर लुसाकाहून विमान.

मग अख्खा मलावी काकूंनी पाय आडवा टाकून बघितला. तळं बघितलं, त्यातून वर येणारा सूर्य बघितला, कोळ्यांच्या होड्या बघितल्या. सायमन त्यांच्या पायाखाली आपली फुगवायची उशी ठेवायचा. रोज सकाळी ट्रकच्या चाकाला धरून काकू पाय वर-खाली करायच्या. "डॉक्टर जन्मभर लोकांना हा व्यायाम सांगायचे," त्या दात आवळून म्हणायच्या. "घरात मलाच सांगायचे, तर मी कधी केला नाही. आता ऐकते आहे, डॉक्टर." त्या वेळी चेहऱ्यावर जे दुखणं दिसायचं ते दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून त्या चाकाकडे तोंड करून उभ्या राहायच्या. स्वयंपाकाची पाळी आली की खुर्चीत बसून लीड्सहून आणलेल्या बेसनाचं पिठलं करायच्या. जोसेफ ते उगालीशी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीशी खायचा आणि पातेलं पुसून घ्यायचा.

लुआंग्वाच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा केलीने सक्त ताकीद दिली होती: तंबूत संत्री ठेवायची नाहीत, हत्तींना वास येतो. सायमनने वाटेत बाजारातून पिशवीभर संत्री घेतली होती, तो विसरला. जेवणानंतरची वेळ. काही जण कपडे धूत होते, सायमन तंबूत झोपला होता, काकू झाडाखाली खुर्चीत पाय वर करून बसल्या होत्या. हत्ती कधी आला ते कोणालाच कळलं नाही. एवढं मोठं जनावर, पण पावलांचा आवाज नाही. त्याने सोंड तंबूच्या दारात घातली. सायमन दुसऱ्या बाजूची चेन उघडून बाहेर आला, हत्ती पाहून पांढराफटक पडला आणि पळायच्या बेतात पाय उचलला.

"सायमन! स्टँड स्टिल!"

तो आवाज मी लीड्सच्या रस्त्यावर ऐकला होता. काकू उभ्या होत्या, उजवा हात समोर धरून, तळवा सायमनकडे. तो जागच्या जागी थांबला. आम्हीसुद्धा थांबलो, एकीच्या हातातल्या ओल्या टॉवेलमधून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. हत्तीने पिशवी ओढून काढली, झटकली, एकेक संत्रं उचलून शांतपणे खाल्लं, रिकामी पिशवी टाकली आणि कान हलवत नदीकडे निघून गेला.

सायमन खाली बसला. कोणी तरी हुंदका दिला. मग केलीने हलकेच विचारलं, "काकू, तुमची खुर्ची कुठे आहे?"

खुर्ची मागे, झाडाखाली होती. काकू तिथून चांगल्या लांब आल्या होत्या, कोणाच्याही आधाराशिवाय. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडे. मग कोणी काही म्हणायच्या आत त्या ट्रककडे चालत गेल्या आणि दोन्ही हातांनी कठडा धरून शिडी चढायला लागल्या. प्रत्येक पायरीला सगळा कॅम्प ओरडत होता: लोट! लोट! वर पोचल्यावर त्यांनी आमच्याकडे वळून कमरेवर हात ठेवले. घामाने भिजल्या होत्या, श्वास लागला होता, आणि एखाद्या मुलीसारख्या दिसत होत्या.

"केली," त्या म्हणाल्या, "लुसाकाला विमान थांबवू नकोस."

व्हिक्टोरिया धबधब्याच्या गावी पोचलो तेव्हा कॅम्पच्या दारात निखिल उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोघांची परतीची तिकिटं. फोनवरचं बोलणं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. काकू तेव्हा पातेलं घासत होत्या.

"आई, तू किती बारीक झाला!"

"झालीस," काकू म्हणाल्या, आणि साबणाच्या हातांनीच त्याला जवळ घेतलं. मग बराच वेळ सोडलं नाही.

धबधब्याकडे आम्ही तिघं बरोबर गेलो. दिसायच्या किती तरी आधी तो ऐकू येत होता. तिथले लोक त्याला गर्जणारा धूर म्हणतात, हे काकूंनी ट्रकमध्ये सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. मग तो समोर आला. पाणी कड्यावरून कोसळत होतं आणि धूर होऊन पुन्हा वर येत होता. आम्ही तिघं क्षणात चिंब झालो. समोर दरीवरून जाणारा अरुंद पूल होता, पावसासारख्या तुषारांत अर्धा दिसेनासा झालेला.

"मी चालले," काकू म्हणाल्या.

"आई, नको. पूल ओला आहे."

काकूंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "ओला आहे. बरोबर बोललास," त्या म्हणाल्या आणि पुलावर चढल्या.

निखिलला उंचीची भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. तो पांढरा पडला होता. तरी तो गेला, आईच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरून. मी काठावरून बघत होते. काकू दोन्ही कठडे धरून पाऊल पाऊल चालत होत्या, उजवा पाय जपून टाकत होत्या, पण थांबत नव्हत्या. मधोमध गेल्यावर ऊन पडलं आणि इंद्रधनुष्य उमटलं, कमान नव्हे, अख्खं गोल, त्यांच्या पायांच्याही खालून जाणारं. काकूंनी मान मागे टाकून जोरात ओरडून काही तरी म्हटलं. पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. निखिलला आलं असावं, कारण तोही ओरडला. ते काय होतं, हे दोघांनीही मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं, जोहान्सबर्गवरून मुंबईला. ट्रक पुढे केपटाउनला निघणार होता; काकूंचं बुकिंग धबधब्यापर्यंतचंच होतं. सकाळी निरोप घ्यायला गेले तर निखिल केलीशी बोलत होता. त्याचा इस्त्रीचा शर्ट बाहेर आला होता. "एक सीट रिकामी आहे का?" तो विचारत होता. "एक नाही, दोन. आईची आणि माझी." काकूंनी त्याला एका शब्दाने सुचवलं नव्हतं. त्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होत्या.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "नीट जा. पोचल्यावर फोन कर," असं म्हणाल्या आणि लगेच, "अगं, पण मी कुठे असेन? जाऊ दे, नको करूस."

त्यानंतर काकूंची पत्रं आली, लांबलांबच्या देशांतून पिक्चर पोस्टकार्डं आली. भेट मात्र पुन्हा झाली नाही. आजही मला त्या दिसतात, त्या सकाळी दिसल्या तशाच. ट्रक सुरू झाला. शिडी त्या स्वतः चढल्या, खिडकीची ताडपत्री त्यांनी स्वतः गुंडाळली. लाल धूळ उडाली आणि पिवळा ट्रक नदीच्या रस्त्याला लागला. मी हात हलवत होते. काकूंनी मागे पाहिलंच नाही. निखिलच्या खांद्यावर हात ठेवून त्या पलीकडच्या खिडकीतून त्याला काही तरी दाखवत होत्या, आणि तो अर्धा उठून, मान लांब करून, ते बघत होता.